लाँग रेंज रायफल शूटिंग शिकायचंय? आधी पन्नास मीटरवर वारा वाचायला शिका

"लाँग रेंज शूटिंग करायचंय, रायफल कुठली घेऊ?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. त्यात कोल्हापूर-सांगलीकडची कॉलेजची पोरं असतात, इंग्लंड-अमेरिकेत नोकरीला गेलेले इंजिनिअर असतात, आणि यूट्यूबवर कोणीतरी मैलभर लांबची लोखंडी प्लेट टणकन वाजवताना बघून भारावलेले तर सगळेच असतात. रायफलचं नंतर बघू. गोळी नळीतून सुटली की पुढे तिचं काय होतं हे आधी नीट कळायला हवं, कारण लांबच्या नेमबाजीत जे काही अवघड आहे ते सगळं त्या एक-दीड सेकंदाच्या प्रवासात आहे. आणि माझं ठाम मत आहे की ते शिकायला हजार यार्ड लागत नाहीत, पन्नास मीटरवर पॉइंट टू-टू म्हणजे .२२ इंच बोअरची छोटी रायफल घेऊन बसलात तरी त्यातलं बहुतेक सगळं शिकता येतं, आणि ते सुद्धा कमी खर्चात आणि जास्त चांगलं.

लाँग रेंज म्हणजे किती, तर ते काडतुसावर आहे. इंग्लंडमधल्या बिस्लेला, जिथे हा खेळ शंभर वर्षांहून जास्त चाललाय, तिथे ३००, ५००, ६०० यार्ड हे जवळचे टप्पे धरतात आणि ९००-१००० यार्ड म्हणजे लाँग रेंज. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, जवळजवळ किलोमीटर. पण तुमच्या हातात पॉइंट टू-टू असेल तर २०० यार्ड हेच लाँग रेंज आहे, कारण तेवढ्यात तिची गोळी इतकी खाली येते आणि वाऱ्याने इतकी सरकते की मोठ्या रायफलला तेवढं व्हायला कितीतरी जास्त अंतर लागतं.

आता मुख्य गोष्ट. गोळी सरळ रेषेत जात नाही, कधीच नाही. बाउंड्रीवरचा फिल्डर कीपरकडे थ्रो करताना कीपरच्या डोक्याच्या वर बघून फेकतो ना, तसं नळी नेहमी टार्गेटच्या थोडी वर रोखलेली असते, फक्त स्कोपमधून बघताना ते आपल्याला जाणवत नाही. किती वर, तर आकडे बघा. साध्या पॉइंट टू-टूचं मॅच म्हणजे स्पर्धेचं काडतूस सेकंदाला साधारण ३२५ मीटरने निघतं. ते ५० मीटरला झिरो केलेलं असेल, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी, तर १०० मीटरला ती वीसेक सेंटिमीटर खाली लागते आणि २०० यार्डांना सव्वा मीटरच्या आसपास खाली. आता .३०८ विंचेस्टर घ्या, जे हजार यार्डांचं जुनंजाणतं काडतूस आहे, १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास. १०० यार्डांना झिरो करून १००० यार्डांवर मारली तर गोळी दहा मीटरपेक्षा जास्त खाली येते, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. ६.५ क्रीडमोर हे २००७ मधे आलेलं काडतूस आज सगळ्यांना का आवडतं, तर त्याची गोळी बारीक आणि लांबुळकी, हवा चांगली कापते, त्यामुळे तिथे हाच ड्रॉप म्हणजे खाली येणं आठेक मीटरवर येतं आणि वाराही कमी लागतो.

दहा मीटर ऐकून घाबरायचं कारण नाही. गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं, त्यामुळे ड्रॉप हा गणिताचा भाग आहे, आणि गणित मोबाईलवरचं बॅलिस्टिक अ‍ॅप करून देतं. त्याला गोळीचा वेग, गोळी हवा किती कापते त्याचा आकडा म्हणजे बीसी, नळीपासून स्कोप किती उंच आहे, झिरो किती अंतरावर केलाय, तापमान आणि हवेचा दाब एवढं दिलं की ते सांगतं किती क्लिक वर घ्या. फक्त वेग खरा मोजलेला पाहिजे, डब्यावर छापलेला नको, कारण नळीनळीत फरक पडतो. सेकंदाला दहा मीटरचा फरक शंभर यार्डांवर दिसणार सुद्धा नाही, पण हजारावर पाव मीटरचा फटका बसतो.

हे क्लिक म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसवून घ्या, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. स्कोपवरचं बटण फिरवलं की नेम एकेक टप्पा सरकतो, तो टप्पा म्हणजे क्लिक. स्कोप अंतर मोजत नाही, कोन मोजतो. त्याची दोन मापं चालतात, मिल आणि एमओए. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ५०० वर अर्धा मीटर, १००० वर एक मीटर. बहुतेक मिल स्कोपला एक क्लिक ०.१ मिलचा असतो, म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर, आणि त्याचा क्लिक बहुतेक वेळा पाव एमओएचा. दोन्ही चांगलीच आहेत, पण आपण मीटर-सेंटिमीटरमधे वाढलेली माणसं, आपल्याला मिल पटकन जमतं. एवढंच बघा की स्कोपच्या आतल्या रेघा आणि बाहेरची बटणं एकाच मापात आहेत, एक मिल आणि एक एमओए असं असेल तर ऐन वेळी डोक्याचा भुगा होतो. मिलचा खरा फायदा असा की गोळी टार्गेटच्या उजवीकडे स्कोपच्या रेघेवर दीड मिलवर लागलेली दिसली तर दीड मिल डावीकडे घ्या, विषय संपला, सेंटिमीटरचा हिशोब करत बसायची गरजच नाही.

वारा मात्र गणितात बसत नाही आणि खरा खेळ तिथेच सुरू होतो.

.३०८ चीच गोळी घ्या, बाजूने ताशी १६ किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलतायत एवढाच. हजार यार्डांवर ती दोन ते अडीच मीटर सरकते. तुमचा अंदाज चुकून वारा १६ ऐवजी १२ चा निघाला तरी अर्धा मीटर चूक, तुमचा नेम, श्वास, ट्रिगर सगळं परफेक्ट असून सुद्धा. आणि हे फक्त लांबच्या अंतरावर होतं असं समजू नका. ५० मीटरच्या ऑलिम्पिक टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि तोच वारा पॉइंट टू-टूच्या गोळीला तिथे दोनेक सेंटिमीटर ढकलतो, म्हणजे मधोमध मारलेला शॉट सरळ आठमधे. म्हणून मी म्हणतो की ५० मीटरवाला माणूस वाऱ्याशी रोज झगडत असतो, त्याला हजार यार्डांवर नेलं तर तो लवकर शिकतो, आणि जो थेट महागडी मोठी रायफल घेऊन जातो तो दर शॉटला स्कोपला किंवा काडतुसाला दोष देत राहतो.

वारा गोळीला किती सरकवतो हे ती किती वेळ हवेत आहे यावर अवलंबून असेल असं आपल्याला वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. खरं कारण आहे ती हवेमुळे किती उशिरा पोचते हे. हवा नसती तर जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा जेवढा उशीर झाला, त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा, तेवढं सरकणं. यातून एक मजेशीर गोष्ट निघते, पॉइंट टू-टूमधे जास्त वेगाचं काडतूस वाऱ्यात कमी नाही तर जास्त वाहतं, कारण आवाजाच्या वेगाच्या वर म्हणजे साधारण सेकंदाला ३४० मीटरच्या पुढे गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि उशीर जास्त होतो. म्हणून ऑलिम्पिकवाले मुद्दाम आवाजापेक्षा हळू जाणारं काडतूस वापरतात. मोठ्या रायफलमधे हेच उलट बाजूने येतं, गोळी लांब जाता जाता आवाजाच्या वेगाखाली उतरायला लागली की त्या टप्प्यात बऱ्याच गोळ्या डगमगतात, आणि कुठलं काडतूस किती लांब भरवशाने चालेल याची हद्द तिथे ठरते.

दिशा पण बघायची. वारा बरोबर उजवीकडून किंवा डावीकडून म्हणजे तीन किंवा नऊ वाजताच्या दिशेने आला तर तो पूर्ण धरायचा. समोरून किंवा मागून आला तर बाजूला जवळजवळ काहीच सरकत नाही. तुमच्या नेमाच्या रेषेपासून तिरपा ४५ अंशात आला तर अर्धा धरावा असं वाटतं पण तो सत्तर टक्के असतो, अर्धा धरायचा तो ३० अंशाला. सगळ्यात त्रासदायक म्हणजे जवळजवळ समोरून येणारा पण दर दोन मिनिटांनी जरासा इकडून-तिकडून फिरणारा वारा, कारण अंगाला जोर तोच जाणवतो पण गोळी एकदा डावीकडे लागते आणि एकदा उजवीकडे.

वारा बघायचा कसा? रेंजवर झेंडे असतात, गवत असतं, धूळ असते, आणि ऊन असेल तर मिराज. स्पॉटिंग स्कोपमधून म्हणजे स्टँडवरच्या छोट्या दुर्बिणीतून टार्गेटच्या अलीकडे फोकस केला की जमिनीवरून तापलेली हवा पाण्यासारखी वाहताना दिसते, आपलं मृगजळच. ती डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर वाराही तसाच, जितकी आडवी आणि पसरट तितका वारा जास्त, आणि ती सरळ वर उकळल्यासारखी दिसली तर वारा पडलाय किंवा तुमच्या रेषेत समोरून-मागून आलाय. अशा वेळी थांबा, तो लवकरच कुठल्यातरी बाजूला वळणार असतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, टार्गेटजवळच्या वाऱ्यापेक्षा तुमच्याजवळचा वारा शेवटी जास्त फरक पाडतो, कारण सुरुवातीलाच गोळी जरा तिरकी झाली की पुढचं सगळं अंतर ती तिरकीच जाते. नवीन माणूस फक्त टार्गेटशेजारचा झेंडा बघत बसतो.

या वारा वाचण्याच्या खेळात आपल्या कोल्हापूरचं नाव दीडशे वर्षांपासून आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची मोठी स्पर्धा १८६० मधे विम्बल्डनच्या मोकळ्या मैदानावर सुरू झाली, पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर पक्क्या बसवलेल्या रायफलची दोरी ओढून मारली, आणि १८९० मधे सगळं बिस्लेला हललं. तिथे आजही कोलापूर कप म्हणून सांघिक मॅच होते, आठ जणांच्या टीम, ३००, ५०० आणि ६०० यार्ड, आणि तो कप १८७१ पासूनचा, कोल्हापूरच्या राजांनी दिलेला. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मधे म्युनिकला ५० मीटर प्रोनमधे म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमधे ५० मीटर थ्री पोझिशनमधे (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ स्कोअर करून ब्राँझ आणलं. हे लिहिताना मला खरंच अभिमान वाटतो.

बिस्लेची अजून एक गोष्ट सांगतो कारण ती नवीन माणसाच्या कामाची आहे. तिथल्या क्लासिक टार्गेट रायफल प्रकारात स्कोप चालतच नाही, हजार यार्डांवर सुद्धा साध्या भोकाच्या साइटने, जमिनीवर पालथं झोपून, हाताला स्लिंग म्हणजे पट्टा बांधून मारतात, आणि लोक बुल म्हणजे मधलं वर्तुळ मारतात. दुसरा प्रकार आहे एफ क्लास, त्यात स्कोप चालतो आणि रायफल बायपॉड म्हणजे दोन पायांच्या टेकूवर किंवा रेस्टवर ठेवता येते, वय झालेल्यांना किंवा पाठदुखीवाल्यांना हा फार सोयीचा. हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वारसनने काढला, आणि एफ हे त्याच्याच नावातलं. अमेरिकेत स्टीलच्या प्लेटवाले सामने जास्त चालतात, त्यात पॉइंट टू-टूचे वेगळे सामने पण असतात आणि सुरुवात करायला ते उत्तम.

आता शरीराचं. नेम धरून ठेवायचं काम स्नायूंनी केलं की दहा सेकंदात हात थरथरायला लागतो, म्हणून रायफलचं वजन हाडांवर यायला पाहिजे. प्रोनमधे डाव्या हाताचं कोपर रायफलच्या साधारण खाली, स्लिंग ताणलेली, हात सैल. मग टार्गेटवर नेम धरा, डोळे मिटा, एक-दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम सरकला असेल तर हाताने ओढून परत आणू नका, पूर्ण शरीर हलवा, पोट-कंबर-पाय. नवीन मुलांना हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं पण माझ्या मते नवीन नेमबाजाचे निम्मे वाईट शॉट इथेच तयार होतात. श्वास अर्धा सोडून नैसर्गिक थांबतो तेवढ्यात शॉट गेला पाहिजे, जास्त रोखून धरला की नजर धूसर होते, मग सोडून द्या आणि परत सुरू करा. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत. आणि शॉट गेल्यावर लगेच मान वर काढून बघू नका, दोन सेकंद तसेच पडून राहा, गोळी सुटताना नेम कुठे होता ते स्वतःला सांगा आणि मगच स्पॉटिंग स्कोपमधे बघा. तुम्ही म्हणालात "उजवीकडे नऊ" आणि निघाला पण तसाच, तर तुमचं शरीर बरोबर सांगतंय. तुम्ही म्हणालात "दहा" आणि निघाला उजवीकडे आठ, तर तो वारा. ही दोन कारणं वेगळी करता आली नाहीत तर वारा कधीच शिकता येत नाही.

हे सगळं घरी ड्राय फायर करून पण होतं, रिकाम्या रायफलने. पण रिकामी म्हणजे बोल्ट उघडून, डोळ्याने बघून, बोट घालून तपासलेली, आणि काडतुसं त्या खोलीतच नकोत. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, शॉट घ्यायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. छोटीशी दिसणारी पॉइंट टू-टू सुद्धा दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या रायफलची गोळी चार-पाच, त्यामुळे गावाकडचं मोकळं रान आहे, डोंगर आहे, तिथे बघू मारून असला विचार मनात पण आणू नका. शूटिंग फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, मागे मातीचा उंच बंधारा आणि रेंज ऑफिसरचा हुकूम असेल तिथेच. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा पहिल्या शॉटपासून, कानाचं नुकसान भरून येत नाही.

भारतात सुरुवात करायची तर रस्ता सरळ आहे, १० मीटर एअर रायफल, मग ५० मीटर. एअर रायफलला कमी समजू नका, तिच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि वारा नसल्यामुळे चूक झाली तर ती शंभर टक्के तुमचीच, शिकायला याहून चांगलं काही नाही. २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो, पण सुरुवातीला क्लबच्या रायफलवर क्लबच्या रेंजवरच शिका, परवान्याचं नंतर बघा. आपल्या जिल्ह्याची रायफल असोसिएशन शोधा. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशन वरळीला आहे, पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. पुढे राज्य स्पर्धा, मग जी. व्ही. मावळणकर स्पर्धा, मग नॅशनल. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, १९५१ मधे स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. ३०० मीटर बिग बोअर म्हणजे मोठ्या रायफलचा प्रकार भारतात आहे पण त्यात महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटसारख्या लष्करी मंडळींचंच वर्चस्व आहे, सिव्हिलियन माणसाला ते लगेच मिळत नाही आणि सैन्याच्या बोअरची रायफल तर नाहीच.

इंग्लंडमधे असाल तर होम ऑफिसची मान्यता असलेल्या क्लबमधे प्रोबेशनरी मेंबर व्हा, किमान तीन महिने ते तुम्हाला शिकवतात आणि पारखतात, त्यानंतर फायरआर्म सर्टिफिकेटचा विचार. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना मात्र कळकळीने सांगतो, एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजकेच अपवाद आहेत, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं सुद्धा यातच येतं. मित्र म्हणाला चल वीकेंडला रेंजवर म्हणून गेलात आणि इमिग्रेशनची फाइल अडकली तर ते फार महाग पडेल. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न नाही, नसेल तर आधी वकिलाला विचारा.

रायफलचं शेवटी. पहिली रायफल पॉइंट टू-टू बोल्ट अ‍ॅक्शन, मॅच काडतुसाचे दोन-तीन ब्रँड थोडे थोडे मारून बघा आणि जे तुमच्या नळीला मानवतं तेच मग एकाच बॅचचं घ्या. मानवतं की नाही हे तीन शॉटच्या ग्रुपवरून ठरवू नका, तीन शॉट नशिबाने पण एका भोकात जातात, दहा-दहाचे ग्रुप मारा. स्कोपचं पॅरलॅक्स त्या अंतराला लावून घ्या, डोकं जरा हलवलं तर क्रॉस टार्गेटवर सरकता कामा नये. पुढे कधी परदेशात मोठ्या रायफलपर्यंत गेलात तर ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ घ्या, मॅग्नमच्या म्हणजे जास्त दारूचं काडतूस वापरणाऱ्या रायफलच्या नादी लागू नका, तिच्या धक्क्याने माणूस शॉटच्या आधीच डोळे मिटायला शिकतो आणि ती सवय सुटत नाही.

आणि एक वही ठेवा. दर शॉटला तारीख, अंतर, काडतूस, वाऱ्याची दिशा आणि तुमच्या अंदाजाने वेग, तुम्ही किती क्लिक घेतलेत, शॉट कुठे गेला असं तुम्हाला वाटलं आणि खरा कुठे गेला. वाऱ्याचा अंदाज शॉटच्या आधी लिहायचा, नंतर नाही, नंतर लिहिला की मन आपोआप भोकाला जुळणारा आकडा लिहितं. सुरुवातीला अंदाज खूप चुकतील, पण चुकण्याला एक दिशा असते, कोणी वारा नेहमी कमी धरतो तर कोणी जास्त, आणि काही महिन्यांनी तीच वही चाळली की तुम्ही कुठल्या बाजूला चुकता ते तुम्हाला स्वतःलाच दिसतं.